दोन खाड्या, चार सडे

पुण्या-मुंबईच्या सायकलस्वाराच्या आयुष्यात एक दिवस असा येतो, की त्याला सिंहगडाचा पायथा किंवा नरिमन पॉइंट पुरेनासा होतो आणि तो घरात जाहीर करतो, ‘‘मी गोव्याला जाणार.’’ घरचे याचा जो अर्थ घेतात, तो त्याच्या मनात नसतो. त्याला गोव्याला सायकलने जायचं असतं आणि तेही किनाऱ्याकिनाऱ्याने. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेली मुलं आता गिअरच्या सायकली मागू लागली आहेत. त्या रस्त्यावरून जाण्यापेक्षा समुद्र बरा, असा त्याचा हिशेब असतो आणि त्यात खोट काढता येत नाही.

मग तो नकाशा उघडतो. नकाशावर कोकण फारच सभ्य दिसतं. डावीकडे निळा समुद्र, उजवीकडे तपकिरी सह्याद्री, मधे हिरवी चिंचोळी पट्टी आणि तिच्या कडेकडेने जाणारा एक रस्ता. रेवसपासून रेडीपर्यंत. १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री असलेल्या बॅरिस्टर अंतुले यांनी मनात धरलेला हा सागरी महामार्ग. आता उंची मोजायची ती समुद्रसपाटीपासून, हे आपण शाळेत शिकलो. तेव्हा समुद्राला लागूनच जाणाऱ्या रस्त्याची उंची शून्याच्या आसपास असणार आणि शून्य उंचीचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता. इथवर सायकलस्वाराचं तर्कशास्त्र बिनचूक असतं. चूक कोकणाची असते.

कोकणात सह्याद्री आणि समुद्र यांच्यात अंतर जेमतेम साठ-सत्तर किलोमीटरचं. तेवढ्यात नद्यांना उगम पावायचं, गावं वसवायची आणि समुद्राला मिळायचं, सगळं उरकायचं असतं. त्यामुळे त्या आडव्या-उभ्या कशाही न वाहता तडक पश्चिमेला निघतात आणि किनाऱ्याशी येऊन खाडी होतात. कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटण, कर्ली, तेरेखोल. सायकलस्वार निघालेला असतो उत्तरेकडून दक्षिणेकडे. म्हणजे नद्यांची आणि त्याची दिशा बरोबर काटकोनात, आणि काटकोनात भेटणाऱ्यांपैकी एकाला थांबावं लागतं.

दोन खाड्यांच्या मधे सडा असतो. जांभ्या दगडाचं हे पठार वरून पोळपाटासारखं सपाट आणि कडेला एकदम तुटलेलं. गावं वर नसतात. वर पाणी नाही, सावली नाही, पावसाळा सोडला तर गवतही नाही. गावं खाली, पऱ्ह्याच्या काठी, माडा-पोफळीच्या बागांत. रस्ता मात्र एका गावातून दुसऱ्या गावात जायचा असतो, म्हणून तो खाडीकाठाहून सड्यावर चढतो, सडा ओलांडतो, पलीकडे उतरतो आणि पुढची खाडी गाठतो. खाडी, चढ, सडा, उतार, खाडी. हा क्रम गोव्याच्या हद्दीपर्यंत बदलत नाही. दिवसभराच्या चढांची बेरीज केली तर अंगात दम असलेला माणूस हजार-दीड हजार मीटर चढलेला निघतो, म्हणजे समुद्रापासून थेट महाबळेश्वर. आणि संध्याकाळी तो उभा असतो पुन्हा समुद्राच्याच काठावर. महाबळेश्वरला जाणाऱ्याला निदान महाबळेश्वर तरी मिळतं.

कोकण रेल्वेने हा प्रश्न १९९८ साली सोडवून टाकला. डोंगर आला की बोगदा, दरी आली की पूल. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. गाडीत बसलेला माणूस तेवढ्यात वडा खातो, हात पुसतो आणि कोकण फार सुंदर आहे म्हणतो. सायकलवरचा माणूसही तेच म्हणतो, पण त्याआधी त्याला श्वास घ्यावा लागतो.

तर मुद्दा अंतराचा. कोकणात किलोमीटर हे माप चालत नाही. हे माझं एकट्याचं मत नाही, सरकारलाही त्याचा अनुभव आहे. महाराष्ट्राचा समुद्रकिनारा ७२० किलोमीटर, असं आपण भूगोलाच्या पुस्तकात पाठ केलं आणि दोन मार्क मिळवले. केंद्र सरकारच्या दप्तरी मात्र हाच किनारा कित्येक वर्षं ६५२.६ किलोमीटर होता. अलीकडे त्याची पुन्हा मोजणी झाली, तर तो ८७७.९७ किलोमीटर भरला. जमीन आहे तिथेच, समुद्र आहे तिथेच, आणि किनारा सव्वादोनशे किलोमीटरने वाढला. कारण सरळ आहे. जुनी मोजणी एकास पंचेचाळीस लाख प्रमाणाच्या नकाशावरून झाली होती, नवी एकास अडीच लाखाच्या. नकाशा मोठा झाला तशा लहानसहान खाड्या, खोबणी, कोपरे दिसू लागले. बेन्वा मँडेलब्रॉट या गणितज्ञाने १९६७ साली ब्रिटनचा किनारा नेमका किती लांब, असा प्रश्न विचारून विद्वानांना घाम फोडला होता. मोजपट्टी जितकी लहान, तितका किनारा लांब, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. सायकलस्वार हीच मोजणी एकास एक प्रमाणावर करतो, तीही पायांनी. घाम फोडायला त्याला गणितज्ञ लागत नाही.

स्थानिक माणूस या सगळ्या भानगडीत पडत नाही. त्याची अंतराची पद्धत स्वतंत्र आहे. गुहागर सोडून पालशेतच्या पुढे एखाद्या दुकानात लिंबू-सोडा पिता पिता विचारावं, ‘‘काका, हेदवी किती लांब?’’

‘‘हे काय, इथेच. डोंगर उतरलात की हेदवी.’’

‘‘उतरायच्या आधी चढायचा कुठला तो?’’

‘‘तो कुठे डोंगर? तो सडा.’’

सडा हिशेबात धरायचा नसतो. या माणसाला आपल्याला फसवायचं नसतं, उलट त्याला आपला धीर खचू द्यायचा नसतो. शिवाय त्याचा हिशेब त्याच्या परीने खरा असतो. त्याच्या आजीने डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन तोच सडा रोज ओलांडला, त्याने शाळेसाठी ओलांडला, आता त्याचा मुलगा मोटरसायकलवर मोबाइलवर बोलत ओलांडतो. या तिघांत कुठेही ‘चढ’ नावाचा विषय आला नाही. तो आणला आपण, वीस गिअर घेऊन.

आणि या भूभागात पायपिटीचा विषय काढूच नये. दापोलीजवळचं मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. शाळकरी वयात सहावीच्या परीक्षेसाठी कर्वे मित्रांबरोबर इथून साताऱ्याला पायी गेले. सह्याद्री ओलांडून शंभरावर मैल. तिथे पोचल्यावर परीक्षा समितीने त्यांच्याकडे पाहिलं आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. ते परत मुरूडला आले. त्या गावात जाऊन आपण हेल्मेट काढून ‘‘आज हर्णैपर्यंत जरा जास्तच चढ लागला’’ असं म्हणावं आणि समोरच्याने कौतुक करावं, ही अपेक्षा जास्त आहे. समोरचा फक्त ‘‘बरं’’ म्हणतो. त्या ‘बरं’मध्ये सातारा असतो.

जसजसं खाली, म्हणजे दक्षिणेला सरकावं, तसतशी चौकशी मोकळी होते. आचऱ्याच्या आसपास पारावर बसलेल्या आजोबांनी हात करून थांबवावं.

‘‘खंयसून इलास?’’

‘‘पुण्याहून.’’

‘‘सायकलीन?’’

‘‘हो.’’

‘‘आणि येष्टी बंद हत काय?’’

‘‘नाही, एसटी चालू आहे. आवड म्हणून आलो.’’

आजोबा यावर बराच वेळ विचार करतात. मग आवाज खाली आणून विचारतात, ‘‘घराकडे सगळा बरा आसा मा?’’

पुण्यात आपण ज्याला फिटनेस म्हणतो, त्याकडे पाहण्याची ही एक दृष्टी आहे आणि ती अगदीच टाकाऊ नाही.

आता समुद्राबद्दल. सागरी महामार्गावर समुद्र दिसतो, पण त्याच्या वेळेनुसार. कोकणातल्या माणसाने गाव वसवताना समुद्राला थोडं दूरच ठेवलं. आधी वाळू, मग सुरूचं बन, मग नारळाची वाडी, मग घर, मग घरापुढे रस्ता. दिवेआगर घ्या, केळशी घ्या, गुहागर घ्या. रस्ता दोन बाजूंच्या जांभ्याच्या गडग्यांमधून जातो. समुद्र ऐकू येतो, वासाला येतो, दिसत नाही. आपल्याला हवा तसा, अगदी कुशीत घेऊन जाणारा रस्ता मोजक्या ठिकाणी आहे. दिवेआगरकडून आरावी-शेखाडीवरून श्रीवर्धनला जाताना तो मिळतो. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे येताना आरे-वारेला मिळतो, तिथे तर तो इतका एकाएकी समोर येतो की ब्रेक लावावे की फोन काढावा हे कळत नाही. एरवी समुद्र पाहायची जागा म्हणजे सड्याची धार. चढ संपता संपता डाव्या-उजव्या झाडीतून तो चमकतो.

पण ही सोय सायकलस्वाराच्या कामाची नाही. चढताना त्याची मान खाली असते आणि नजर पुढच्या चाकापुढच्या तीन फुटांवर. त्या तीन फुटांत जांभा, शेण आणि ‘हळू चालवा’ असं लिहिलेल्या पाटीची सावली एवढंच असतं. उतरताना मान वर असते, पण नजर खड्ड्यांवर, बोटं ब्रेकवर आणि कान मागून येणाऱ्या एसटीवर. कोकणातली एसटी वळणावर कर्णा वाजवते तो शिष्टाचार म्हणून. वाट देण्याचा निर्णय तिने आधीच आपल्यावर सोपवलेला असतो. याचा परिणाम असा, की सगळा किनारा सायकलने पालथा घातलेला माणूस घरी येऊन मित्राने मोटारीतून काढलेले फोटो पाहतो आणि म्हणतो, ‘‘अरे, हे कुठलं?’’

निसर्गाने एक सवलत मात्र दिली आहे. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते इथे प्रत्यक्ष कामाला येतात. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, गार आणि बेताचा. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि तो बहुधा वायव्येकडून येतो, म्हणजे दक्षिणेला निघालेल्याला पाठीमागून थोडा हातभार. म्हणून शहाणे लोक गोव्याकडे सायकलने जातात आणि परत रेल्वेने येतात. गोव्याहून मुंबईला किनाऱ्याने सायकल चालवत येणारेही असतात. त्यांच्याशी वाद घालू नये.

या रस्त्याचं खरं वैभव म्हणजे फेरीबोटी. राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा ते दिघी, सावित्रीवर बागमांडला ते वेश्वी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे, शास्त्रीवर तवसाळ ते जयगड. मोटारी, डंपर, मोटरसायकली, माशांच्या टोपल्या, लग्नाचं वऱ्हाड आणि सायकल, सगळ्यांना एकाच पत्र्यावर जागा. आपला क्रम सगळ्यांत शेवटी लागतो आणि जागा इंजिनाच्या धुराजवळ मिळते, पण तक्रार नसते. दाभोळला फेरी नसती तर वाशिष्ठीला वळसा घालून चिपळूणकडून यावं लागलं असतं. समोर दिसणाऱ्या धोपाव्याला पोचायला पूर्ण दिवस. फेरीने दहा-पंधरा मिनिटं.

हा हिशेब पूर्वीच्या लोकांनाही ठाऊक असावा. अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला होता आणि भारतातून परत जाताना त्याने जहाज पकडलं दाभोळला. चौल आणि दाभोळ, दोन्ही गावं आपल्या रस्त्यावरची. पण निकितीन किनाऱ्याने गेला नाही. तो चौलहून घाट चढून जुन्नरला गेला, तिथून पार बिदरला, तिथे राहिला, मग दाभोळला आला. एवढे वाघ-वाटमाऱ्यांचे दिवस, पण मधल्या खाड्या आणि सडे यांच्यापेक्षा त्याला बिदर सोपं वाटलं. हा माणूस व्होल्गाच्या काठाहून आला होता. त्याला खाडी कळत होती.

फेरी चुकणे ही मोटारवाल्याच्या दृष्टीने आपत्ती असते. तो घड्याळ पाहतो, जेटीवरच्या माणसाला दोष देतो, मुलांना ओरडतो. सायकलस्वार मात्र धक्क्यावर पोचताना मुद्दाम हळू होतो. समोर बोट सुटताना दिसली की चेहऱ्यावर खेद आणतो. कारण पुढची फेरी येईपर्यंतचा अर्धा-पाऊण तास हा सबंध प्रवासातला एकमेव सन्माननीय विसावा आहे. चढावर उतरून सायकल ढकलली तर तो पराभव, झाडाखाली बसलं तर तो आळस. पण फेरीची वाट पाहणं ही परिस्थिती आहे. मग बाकावर बसावं, शहाळं मागवावं आणि सोबत्यांना ऐकू जाईल असं म्हणावं, ‘‘पाच मिनिटांनी हुकली. नाहीतर आज दुपारीच गुहागर होतं.’’

बोटीत चढल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. रेवसपासून रेडीपर्यंतच्या साऱ्या प्रवासात खरोखरचा सपाट पट्टा एकच, फेरीबोटीचा पत्रा. फोनमधलं अ‍ॅप बंद करायचं राहिलं तर ते हाही प्रवास प्रामाणिकपणे नोंदवतं. खाडीवरून सरळ रेघ, चढ शून्य, वेग एकसारखा. घरी बसलेले मित्र ती नोंद पाहून शाबासकीचे अंगठे पाठवतात. ते अंगठे खरं तर तांडेलाला द्यायला हवेत.

वाहनाविषयी बोलायचं तर किनाऱ्यावर महाग सायकलीचा रुबाब लवकर उतरतो. खारी हवा साखळीवर रात्रीत गंज चढवते आणि तांबडी माती उरलेलं काम करते. तालुक्याच्या गावातल्या पंक्चरवाल्याकडे जावं, तर त्याचं राज्य स्कूटर, रिक्षा आणि डंपर यांच्यावर असतं. आपली ट्यूब हातात घेऊन तो तिचा बारीक व्हॉल्व्ह उजेडात धरतो आणि विचारतो, ‘‘ह्यातनं हवा जाते कुठनं?’’ त्याचा कॉम्प्रेसर त्या नळीला बसत नाही, आपल्या हातपंपावर त्याचा विश्वास बसत नाही. पण ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडा शोधायचा, कानशीने घासायचं, सोल्युशन लावून फुंकर मारायची, हे त्याच्याइतकं कोणालाच जमत नाही. काम झाल्यावर तो सायकल एका बोटाने उचलून पाहतो, किंमत विचारतो आणि ऐकल्यावर ती अलगद खाली ठेवतो. नंतर तेवढ्या पैशात कुठली मोटरसायकल आली असती, हे मॉडेलच्या नावासकट सांगतो.

वजनाची गोष्टही अशीच. लांबच्या प्रवासाला निघणारे काही लोक वजन वाचवण्यासाठी दात घासायच्या ब्रशची दांडी कापून टाकतात. हा गृहस्थ अर्धा ब्रश, एक टीशर्ट आणि ग्रॅमवर मोजलेलं सामान घेऊन अलिबाग सोडतो. रत्नागिरीला आंबापोळी होते, पावसला फणसपोळी, देवगडला कोणी ओळखीचं नसतानाही काजूची पिशवी. मालवण सोडताना त्याच्या मागच्या पिशव्यांत आगळाच्या दोन बाटल्या, गुळाचं खाजं आणि सुक्या जवळ्याचं पुडकं असतं. ब्रश मात्र अर्धाच.

खाण्याचं गणित मांडून पाहण्यासारखं आहे. सायकल आणि सामान धरून नव्वद किलोचा ऐवज शंभर मीटर वर न्यायला शरीराच्या साधारण नव्वद कॅलरी खर्च होतात. पदार्थविज्ञान यापेक्षा जास्त द्यायला तयार नाही. म्हणजे एका सड्याची किंमत उकडीच्या एका मोदकापेक्षाही कमी. आता केळशीच्या किंवा मुरूडच्या घरगुती खानावळीत संध्याकाळी पोचावं. काकू विचारतात, ‘‘किती मोदक करू?’’ आपण संकोचाने दोन म्हणतो. ताटात पाच येतात. ‘‘अहो घ्या, एवढं सायकल मारत आलात.’’ पाचांवर तुपाची धार पडते, वर आमटी, भात, सोलकढी. जेवून उठेपर्यंत पुढच्या जिल्ह्यातलेही सडे आगाऊ भरून झालेले असतात. मालवणात मोदकांच्या जागी वडे-सागोती किंवा सुरमई येते, गणित तेच राहतं. सायकलने वजन कमी होतं असं म्हणणारे लोक कोकणात न थांबता सायकल चालवत असावेत.

याच काकूंपुढे एक अवघड प्रसंग येतो, कपडे वाळत घालण्याचा. सायकलस्वाराच्या चड्डीला आतून गादी असते. ती अंगात असताना लोक सभ्यपणे दुसरीकडे पाहतात, पण अंगणातल्या दोरीवर ती आली की सार्वजनिक होते. काकू ती न्याहाळून म्हणतात, ‘‘हे आतलं की बाहेरचं?’’ बाहेरचं, असं सांगितल्यावर त्या दोरीच्या पार टोकाला, फणसाच्या आडोशाला, ती नेऊन वाळत घालतात. शेजारच्या वाडीतून कोणी पाहिलं तर काय सांगायचं, हा त्यांच्या घराण्याचा प्रश्न असतो.

इतकं सगळं पाहिल्यावर माझी सूचना अशी आहे, की कोकणच्या किनाऱ्याचा बेत किलोमीटरमध्ये आखूच नये. देशावरचा माणूस ‘दिवसाला शंभर’ म्हणतो आणि बारामतीकडे जाताना ते बरोबरही ठरतं. इथे दिवसाला दोन खाड्या आणि चार सडे, यापलीकडे हाव धरू नये. खाडीला फेरी असेल तर एक तास धरावा, पूल असेल तर अर्धा, कारण पुलावर थांबून गळ टाकून बसलेल्यांना ‘काय मिळालं?’ विचारावं लागतं. सड्याला एक शहाळं धरावं, दुपारच्या सड्याला दोन. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच हंगाम धरावा. एप्रिल-मेमध्ये आंबे असतात हे खरं, पण उघड्या सड्यावर बारा वाजता आपणही पिकतो. वाटेत कोणी ‘हे काय, इथेच’ म्हणालं तर एक सडा, ‘जवळच आहे’ म्हणालं तर दोन, आणि ‘तसं लांब नाही’ म्हणालं तर मुक्कामाची सोय तिथेच पाहावी.

या मोजमापाचा एक फायदा आहे. किलोमीटर हे पार करायचे असतात, मागे टाकायचे असतात. खाडी आणि सडा यांना नाव असतं, गाव असतं, पाणी देणारं घर असतं. शंभर किलोमीटर केले म्हणणाऱ्याला पुढे काही सांगता येत नाही. पूर्णगडची खाडी ओलांडली म्हणणारा माणूस कशेळीचा सडा, आडिवऱ्याची महाकाली, जैतापूरचा पूल आणि विजयदुर्गापर्यंतचा प्रत्येक चहा सांगितल्याशिवाय थांबत नाही. तो थांबत नाही ही ऐकणाऱ्यांची तक्रार वेगळी.

आता सरकारने या सागरी महामार्गाचं काम नव्याने मनावर घेतलं आहे. रेवसपासून मोठमोठ्या खाड्यांवर लांबलचक पूल बांधायचे, असा बेत आहे. ते झाले की मोटारवाला दाभोळहून धोपाव्याला गाणं संपायच्या आत पोचेल, आगरदांड्याला बोटीची वाट पाहत मुलांवर ओरडणार नाही. गावातल्या आजारी माणसाला, कॉलेजच्या पोरांना, आंब्याच्या ट्रकला यासारखं सुख नाही, आणि ते त्यांना लवकर मिळो. सायकलस्वाराची हरकत असण्याचं कारण एवढंच, की खाड्या गेल्या म्हणजे त्याच्या वाट्याला नुसते सडे उरणार. विसावा बंद आणि चढ चालू. दोन सड्यांच्या माथ्यांना जोडणारा पूल बांधून हाही प्रश्न मिटवावा, असं एखाद्या अभियंत्याच्या मनात येऊ शकतं. तसं झालं तर रस्ता खरोखरच नकाशावर दिसतो तसा सपाट होईल, गोवा खरोखरच नकाशावर दिसतो तितका जवळ येईल आणि आम्हाला घरी परतल्यावर सांगायला काहीच उरणार नाही. तेव्हा हा लेख मंत्रालयापर्यंत पोचणार नाही, एवढी काळजी संपादकांनी घ्यावी.